मामा, त्या दिवशी नंबर कोणाचा होता?

भास्कर मामा,

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी तुमचं नाव घेतो. मायचं नाव त्यानंतर येतं. तिला हे माहीत आहे आणि तिची हरकतही नाही. ती म्हणते, "मी तं माय आहे, मले करनंच होतं. त्याले कोनं सांगतलं होतं?"

मलाही तुमच्याबद्दल एवढंच जाणून घ्यायचं होतं, मामा. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

तुम्ही गेल्यापासून मोताळ्यात सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत आहेत, आणि मला त्याचाच संशय येतो. बसस्टँडच्या कोपऱ्यावर बॅनर लागला आहे. मधे तुमचा कंडक्टरच्या खाकी शर्टातला फोटो आणि खाली 'शोकाकुल' म्हणून ज्यांचे चेहरे छापले आहेत, त्यातले निम्मे लोक तुम्हाला 'पपईवाला' म्हणायचे. एकानं तर तुमच्याविरुद्ध तहसीलला अर्ज दिला होता. त्याचा चेहरा सर्वांत मोठा आहे. शोकसभेत तो रडलाही. मी मागच्या खुर्चीवरून त्याच्या डोळ्यांकडे बघत होतो, पाणी खरंच येतंय का ते.

हसू नका. हे माझं कामच आहे. पुण्यात एका विमा कंपनीत मी लोकांचे दावे तपासतो. गाडी खरंच ठोकली गेली का, गोदामाला आग आपोआप लागली का. ऑफिसात माझ्या तोंडून 'मले' निघून गेलं की पोरं मला ते पुन्हा म्हणायला लावतात, पण फाइल अडली की ती माझ्याच टेबलावर येते. साहेब म्हणतात, याचा कशावरच विश्वास बसत नाही. त्यांना माहीत नाही की हे शिक्षण मला गावानं दिलं, आणि सगळा सराव तुमच्यावर झाला.

तुम्ही तो बॉल आणला तेव्हा मी आठवीत होतो. रजा टाकून तुम्ही कुठल्याशा शिबिराला गेला होता. परत आलात तेव्हा कपड्यांच्या पिशवीसोबत काखेत पपईसारखा लांबुळका, दोन्ही टोकांना निमुळता लाल बॉल होता. खेळाचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल. हातानं खेळायचा आणि पायानंही. फेकायचा मात्र नाही. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनं ठोसा मारून पुढच्याला द्यायचा. मैदान अंडाकृती, दोन्ही टोकांना चार-चार खांब. लाथ मारलेला बॉल मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक.

"म्हनजे नेम चुकला तरी एक भेटते," तुम्ही आम्हाला सांगितलं. "असा खेळ कुठं पाह्यला का बे?"

पाहिला नव्हता. चुकल्यावरही काहीतरी मिळतं म्हटल्यावर आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

देवराव आबांचं नळगंगेकडचं वावर सोयाबीन निघाल्यावर पुढच्या पेरणीपर्यंत मोकळंच असायचं. आबांनी तोंडी होकार दिला. तुम्ही दोरी ताणून, मागे मागे चालत, चुन्यानं ते मोठं अंडं आखलं आणि टोकांना खांब रोवले. संध्याकाळपर्यंत गावात बातमी पसरली होती की मोजणी आली. रस्त्यासाठी कोणाकोणाच्या जमिनी गेल्या हे तेव्हा प्रत्येकाला पाठ होतं. चुना आणि खांब यांचा दुसरा अर्थ कोणाच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आजूबाजूचे वावरवाले धुऱ्याच्या बांधावर जमले. मी तिथंच होतो, चुन्याची पाटी धरून.

"कोन्या खात्याकडून आला तू?"

"एसटीच्या."

"एसटीले वावर काऊन पाह्यजे?"

"एसटीले नाई पाह्यजे. पोरायले खेळाले पाह्यजे."

"मंग हद्द गोल काऊन आखली? गोल हद्द असते का कोनाची?"

तुम्ही दोरी गुंडाळायला लागलात. सकाळी जाऊन बघतो तर आठही खांब उपटून नाल्यात टाकलेले. तुम्ही कोणाचं नाव घेतलं नाही. त्याच लोकांना बोलावून म्हणालात, आता तुम्हीच गाडा, म्हणजे खाली मी काही पुरलं नाही याची तुम्हालाच खात्री होईल. त्यांनी खड्डे गरजेपेक्षा खूप खोल खणले, आत काही लागतं का ते बघत. त्यामुळेच ते खांब नंतर कधी हलले नाहीत.

मग पुढचे संशय आले. हा पंचायत समितीला उभा राहणार. निवडणूक आली आणि गेली, तुम्ही ड्यूटीवर होता. हा पोरांना ऑस्ट्रेलियाला नेऊन विकणार. तुमच्याकडे पासपोर्ट नव्हता आणि भुसावळच्या पुढे तुम्ही फारसे गेलेही नव्हता. हा पोरींनाही खेळवतो, म्हणजे काहीतरी असणारच. आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या पोरांना वरच्या आळीतल्या पोरांबरोबर एकाच तांब्यानं पाणी पाजतो, हे तर कोणी मोठ्यानं म्हटलं नाही, पण तो तहसीलचा अर्ज त्याबद्दलच होता असं मला अजूनही वाटतं.

माय सगळ्यांत पक्की निघाली. तुम्ही माझी परवानगी मागायला घरी आलात, ओट्यावर बसलात, चहा घेतलात.

"तुमाले काय भेटते याच्यात?" तिनं विचारलं.

"काई नाई बाई."

"काई भेटत नसंल तं कोनी करत नाई."

"रविवारी घरी बसलो तं मामी गहू निवडाले लावते."

माय हसली नाही. "मी येईन पाहाले," ती म्हणाली, आणि खरंच आली. आठवडाभर दुसऱ्यांच्या वावरात तण निंदून रविवारी ती गोधडीचं शिवण घेऊन धुऱ्यावर बसायची आणि टाका घालताना एक डोळा तुमच्यावर ठेवायची. तिचं बघून दुसऱ्या बाया येऊ लागल्या. पुढे पुढे धुऱ्यावर रांगच लागायची. बाहेरून येणाऱ्या टीमांना वाटायचं, मोताळ्याला या खेळाचं केवढं वेड आहे. ते प्रेक्षक नव्हते, मामा. तो पहारा होता. तुम्हाला ते माहीत होतं आणि तुम्ही त्यांच्यासाठी सावलीला ताडपत्री बांधलीत.

तुमच्या क्लबला नियम थोडे होते. शनिवारी शाळेत नसेल तो रविवारी मैदानात नाही. या एका नियमानं मला दहावीपर्यंत ओढून नेलं, नाहीतर माझ्या सख्ख्या मामाबरोबर वीटभट्टीवर जायचं माझं ठरलेलंच होतं. ज्याला पाडलं त्याला आपणच हात देऊन उठवायचं. आणि तिसरा, नंबरचा.

टीम नऊ जणांची आणि पोरं चौदा-पंधरा. मॅचचे भाग चार. कोण कोणत्या भागात बाहेर बसणार हे खेळ सुरू व्हायच्या आधी ठरायचं, आणि ते कागदावर नसायचं. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकानं आपल्या तोंडानं मोठ्यानं सांगायचं: मी पहिल्यात बाहेर, मी शेवटच्यात निम्म्यावर बाहेर. सर्वांनी ऐकलेलं असायचं, म्हणून ते कोणाला फिरवता येत नसे. जिंकत असो की हरत असो, नंबर आला की निघायचं. चांगला खेळतो म्हणून कोणाला जास्त नाही, नवा आहे म्हणून कोणाला कमी नाही. दुसऱ्या टीमांचे कोच आम्हाला हसायचे.

मला तो नियम खेळापेक्षाही जास्त आवडायचा. रेशनच्या रांगेपासून वर्गातल्या बाकापर्यंत आमचा नंबर कधी येणार हे कोणीतरी दुसरंच ठरवत आलेलं होतं. इथं मी तो सांगायचो आणि बाकीचे ऐकायचे.

म्हणून मलकापूर माझ्या डोक्यातून जात नाही.

मी दहावीत होतो. फायनल होती. निघायच्या वेळी दोन पोरं लग्नाला गेल्याचं कळलं, म्हणून तुम्ही गाडीतच नंबर पुन्हा लावलेत. मी शेवटच्या सीटवर खिडकीतून डोकं बाहेर काढून ओकत होतो. मला बस लागायची. शेवटच्या भागात आपण चार गुणांनी मागे. त्या दिवशीचे आपले दोन गोल मीच मारले होते. आणखी एक, की संपलं. तेवढ्यात तुम्ही रेषेवरून हात केलात.

"प्रशिक, बाहेर ये. पवन, जाय."

पवन म्हणजे देवराव आबांचा पुतण्या. ज्यांच्या वावरात आपण खेळायचो त्या आबांचा. आबा तिथंच, त्यांच्या जीपला टेकून उभे होते. पवनला बॉल झेलताना डोळे मिटायची सवय होती हे आपल्या धुऱ्यावरच्या बायांनाही माहीत होतं.

"मामा, माह्या नंबर नाई आहे," मी म्हणालो.

"त्याचा आहे," तुम्ही म्हणालात, माझ्याकडे न बघता.

पवननं डोळे मिटले, बॉल त्याच्या छातीवर आपटून खाली पडला आणि आपण हरलो. येताना नांदुरा नाक्यावर आबांनी सगळ्यांना भजी खाऊ घातली आणि पवनच्या पाठीवर थाप मारली. मी खाली उतरलो नाही.

मी काय हिशोब केला तो तुम्हाला कधी पूर्ण सांगितला नाही. वावर आबांचं, पुतण्या आबांचा, जीपला टेकून आबा. एवढं मी बोललो होतो. राहिलेलं हे होतं की तुम्हीही शेवटी त्यांच्याच आळीतले. वेळ आल्यावर तुम्ही तुमच्या माणसांकडे वळलात. हे मी तुमच्या तोंडावर बोललो असतो तर तुम्ही काय म्हणाला असता ते मला आता कधीच कळणार नाही.

नंतर मी मलकापूरला कॉलेजला जायला लागलो, तुमच्याच गाडीनं. बस लागते म्हणून तुम्ही माझ्यासाठी पुढची, तुमच्या बाजूची सीट धरून ठेवायचा. तीन वर्षं आपली तीच भांडणं झाली.

"मामा, खरं सांगा."

"सांगतलं ना. त्याचा नंबर होता."

"कोनी ठरोला?"

"पोरायनं. गाडीत."

"मी नाई आयकला."

"तू ओकून राह्यला होता. चला, तिकीट, तिकीट."

आणि तुम्ही उठून मागे जायचा. मागे तिकीट काढायचं कोणी शिल्लक नसलं तरी जायचा. हेही माझ्या नजरेतून सुटलं नाही.

मामा, तुम्ही माझ्यासाठी काय केलं ते मी विसरलो नाही. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी इंग्रजीचं पहिलं पान वाचलं ते त्या खेळाच्या नियमांचं, कारण तुम्हाला ते कोणाकडून तरी समजून घ्यायचं होतं आणि तुम्ही मला म्हणालात, "मले नाई समजत, तू सांग." मी रात्रंदिवस बसून सांगितलं. पुण्यात तुमच्या साडूच्या मुलाच्या खोलीवर माझी सोय तुम्ही केली. मी पदवीधर झालो, आमच्या घराण्यातला पहिला, तेव्हा तुम्ही पेढे घेऊन दारात आलात. माय म्हणाली, आत या, बसा. तुम्ही म्हणालात, गाडी उभी आहे. आम्ही बाहेर येऊन पाहिलं तर एसटी खरंच रस्त्यात उभी होती, प्रवाशांसकट, आणि ड्रायव्हर खिडकीतून मला हात करत होता.

पेढा तोंडात असताना माझ्या मनात काय आलं सांगू? हे प्रेम आहे, की त्या मॅचची भरपाई? तुम्ही जेवढं जास्त करत गेलात तेवढा माझा संशय पक्का होत गेला. इतकं कोणी उगाच करत नाही, हे मायचं वाक्य माझ्या हाडात बसलं होतं.

शोकसभा संपल्यावर पवन माझ्याजवळ आला. आता तोच पोरांना शिकवतो, हे तुमच्याकडून फोनवर ऐकलं होतं. गेल्या काही वर्षांत आम्ही बोललो नव्हतो.

"तू अजून त्या मॅचचंच धरून बसला आहे म्हने," तो म्हणाला.

"कोनं सांगतलं?"

"मामानंच. हासत होते."

मग त्यानं मला पुढच्या वर्षीची गोष्ट सांगितली. तेव्हा मी अकरावीत, वयामुळे टीमबाहेर. सामना इथंच, आबांच्या वावरात होता. आबांनी बाहेरगावचे पाहुणे आणले होते, पुतण्याचा खेळ दाखवायला, आणि त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. शेवटच्या भागात तुम्ही पवनला बाहेर काढलंत आणि आमच्या वस्तीतल्या नितीनला आत घातलंत, ज्यानं त्याआधी जेमतेम दोन-चारदा बॉल धरला असेल. आबा पाहुण्यांमधून उठून रेषेवर आले. भास्कर, त्याले परत घे, म्हणाले. तुम्ही म्हणालात, त्याचा नंबर झाला. आबा म्हणाले, वावर माह्यं आहे.

"तं मामा म्हनले, वावर तुमचं आहे आबा, नंबर पोरायचा आहे."

दुसऱ्या दिवसापासून वावर बंद. आपण नाल्यापलीकडच्या गायरानावर गेलो, दगड वेचून. मला तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं की आबांना हरभरा पेरायचा आहे.

"मले मामानं बजावलं होतं," पवन म्हणाला, "कोनाले सांगू नको. तुह्याच काकाचं नाव खराब होईन."

मामा, मी हे ऐकलं आणि पहिली गोष्ट मनात आली ती ही, की ते वाक्य फार छान आहे. तुम्ही इतकं छान कधी बोलत नव्हता. तुमचं बोलणं म्हणजे 'चला, तिकीट'. मी पवनला विचारलं, वाक्य तुझं आहे का मामाचं?

त्यानं जरा विचार केला. "असंच काईतरी म्हनले बे. मी रडून राह्यलो होतो, नीट आयकू नाई आलं."

मी एवढ्यावर थांबलो नाही. साक्षीदार एक, तोही नातेवाईक, आणि ज्याच्याबद्दल साक्ष आहे तो माणूस हयात नाही. अशी फाइल मी परत पाठवतो. आबा मंडपाच्या खांबाजवळ खुर्चीत बसले होते, थकले आहेत आता. त्यांच्या पायाशी बसून मी विचारलं, "आबा, पोरायले वावर बंद काऊन केलं होतं तुमी?"

"हरभरा पेरला होता."

"झाला होता का हरभरा?"

"मर लागली, वाळला सगळा," आबा म्हणाले आणि पाणी मागवलं.

नितीन सुरतला असतो. त्याला फोन लावला. कोणी कोणाला काढलं आणि कोणी कोणाला घातलं, त्याला काहीच आठवत नव्हतं. "मी धावलो एवढं आठोते," तो म्हणाला. "बॉल माह्याकडे आला नाई, पन मी लय धावलो."

म्हणजे पुरावा असा हातात काहीच आला नाही. पवन खरं बोलत असेल तर तुम्ही वावर घालवून नंबर राखला होता. तसं असेल तर आदल्या वर्षी त्याच वावरासाठी तुम्ही नंबर विकला असाल हे जुळत नाही. पण माणूस एका वर्षी विकतो आणि दुसऱ्या वर्षी पस्तावतो, असंही मी पाहिलं आहे. मी मायला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तू मले इचारून राह्यला का सोताले?"

रविवारी बीबी गावची टीम येणार होती. तुम्हीच ठरवलेली मॅच, म्हणून रद्द करायची नाही असं पोरांनी ठरवलं. पवन पंच होता. तो म्हणाला, रेषेवर तू उभा राहा, नंबर तू पाहा. मी नाही म्हणू शकलो नाही. पोरांनी गोल केला, एकेकानं आपला नंबर सांगितला. बीबीचा टेम्पो वाटेत देऊळघाटला बंद पडल्यामुळे मॅच उशिरा सुरू झाली. ऊन चढलं, म्हणून मधल्या सुट्टीत शेवटचा भाग छोटा करायचं ठरलं आणि नंबर पुन्हा लावले. तेव्हा साक्षी हौदावर होती, सोललेला गुडघा धुवायला. सातवीतल्या या पोरीला तुम्ही का 'बिबट्या' म्हणायचा ते मी त्या दिवशी पाहिलं. पळताना ती वळतच नाही, समोरचेच बाजूला होतात.

शेवटच्या भागात आपण दोन गुणांनी मागे होतो आणि ओमचा नंबर आला. ओम हे एक घाबरट, गुबगुबीत पोरगं. मी हात केला.

"साक्षी, बाहेर. ओम, जाय."

ती आली. दम लागलेला, गुडघ्यातून पुन्हा रक्त. "काऊन सर?"

"त्याचा नंबर आहे."

"कोनी ठरोला?"

"मघाशी ठरला. तू हौदावर गेल्ती."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची होती, पण ती अंगावर घेण्याची माझी पहिलीच वेळ होती. "मले माईत आहे," ती म्हणाली. "त्याचा बाप आपल्याले पान्याचे जार देते."

देतो, मामा. खरंच देतो. मला ते त्या क्षणापर्यंत लक्षातही आलं नव्हतं, आणि आता ती म्हणाल्यावर ते खोटं आहे असं सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. मी खूप शोधलं. शिकलेला माणूस आहे, शब्द कमी नाहीत माझ्याकडे. पण सांगण्यासारखं एकच वाक्य होतं आणि ते मी सांगून बसलो होतो. पुन्हा म्हटलं तर ते आणखी खोटं वाटलं असतं. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "त्याचा नंबर आहे." आणि मैदानाकडे तोंड केलं. मागे तिकीट काढायचं कोणी असतं तर मी उठून गेलो असतो.

ओमच्या हातात बॉल एकदाच आला. त्यानं तो घाबरून समोरच्याच टीमच्या पोराला दिला, अगदी नियमानं, तळहातावर धरून मुठीनं. आपण हरलो. पवननं शिट्टी वाजवली आणि लांबून माझ्याकडे पाहिलं. साक्षीनं बीबीच्या त्या पोराशी, ज्याला तिनं पाडलं होतं, हात मिळवला. माझ्याशी नाही. ती चपला हातात घेऊन गायरानातून सरळ घराकडे चालत गेली.

संध्याकाळी मामींकडे गेलो. त्यांनी दिवाळीच्या आधी मी तुम्हाला पाठवलेलं पत्र माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, तुम्ही ते वाचलंत, उत्तर लिहायला बसलात, मग पेन ठेवून म्हणालात, "तो येईन तवा तोंडीच सांगतो." त्यांनी मला विचारलं, काय होतं रे असं त्याच्यात? मी म्हणालो, काही नाही, खुशाली. त्यांचा विश्वास बसला नाही.

मी ते परत घेतलं नाही, तुमच्या फोटोमागे ठेवून आलो. पण त्यात काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे. ते असं:

ती. मामांस,

सप्रेम जय भीम.

मी इकडे बरा आहे. नोकरी कायम झाली. माय दिवाळीनंतर येते म्हणते, पण मला खात्री नाही. पुण्याच्या पाण्याला चव नाही असं तिनं न येताच ठरवलं आहे.

पत्र लिहायचं कारण, फोनवर तुम्ही विषय बदलता आणि गाडीत तुम्ही उठून जायचा. आता रिटायर झालात, उठून जायला जागा नाही, म्हणून विचारतो. मलकापूरच्या मॅचचं.

मी आता लहान राहिलो नाही. माणूस वाईट नसतानाही खोटं बोलतो, हे मी रोज बघतो. आबांचं वावर गेलं असतं तर सगळ्यांचाच खेळ बंद पडला असता. एका पोराला थोडा वेळ बाहेर काढून ते वाचत असेल तर तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. म्हणून तसं असेल तर माझी काही तक्रार नाही. मी मनातून कधीच माफ केलं आहे. फक्त एकदा तसं सांगा.

एवढ्या वर्षांनी कशाला, असं तुम्ही म्हणाल. मामा, मी मुलाखतीला गेलो तेव्हा बाहेर माझ्यापेक्षा चांगले कपडे घातलेली, चांगलं बोलणारी पुष्कळ मुलं बसली होती. मी उठून जाणार होतो. मग मनात म्हटलं, माझा नंबर आहे, आणि बसून राहिलो. हे तुमच्याकडून आलं. ते खरं होतं का, एवढंच मला पाहिजे.

मामींच्या गुडघ्यांसाठी तेल वेगळं पाठवतो आहे. चांगलं आहे, मी चौकशी केली.

उत्तर नक्की पाठवा. या वेळी तुम्ही जे सांगाल ते मी खरं धरीन.

तुमचा,
प्रशिक